लाउडन काउंटी कशी पारखावी: घर घेण्यापूर्वीचा अभ्यास

वॉशिंग्टन डी.सी.च्या पश्चिमेला, व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर टोकाशी असलेल्या लाउडन काउंटीत अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत आणि नोकरीच्या निमित्ताने नवी कुटुंबे येतच असतात. घर शोधताना बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात: शाळा कशी आहे आणि ऑफिसला जायला किती वेळ लागतो. हे प्रश्न योग्य आहेत, पण पुरेसे नाहीत. या एकाच काउंटीत मेट्रोचे स्थानक आणि त्याच्याभोवती उभ्या राहणाऱ्या बहुमजली इमारती आहेत, जवळजवळ खिडक्या नसलेली अवाढव्य डेटा सेंटरे आहेत आणि पश्चिमेकडे गेल्यास घोड्यांची कुरणे, द्राक्षमळे व खडीचे कच्चे रस्तेही आहेत. आपण पाहत असलेले घर यांपैकी कोणत्या भागात येते, तेथील कारभार कोणाच्या हाती आहे आणि शेजारची मोकळी जमीन पुढे कशासाठी वापरली जाणार आहे, या तीन गोष्टी समजल्याशिवाय करारावर सही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

काउंटी कशी वाढली, हे आधी समजून घ्या

१७५७ मध्ये फेअरफॅक्स काउंटीपासून वेगळी झालेली लाउडन पुढची दोनशे वर्षे शेतीवरच जगली. १९६०च्या जनगणनेत येथे पंचवीस हजारांहूनही कमी लोक होते. १९९० मध्ये लोकसंख्या ८६,१२९ झाली, २००० मध्ये १,६९,५९९, २०१० मध्ये ३,१२,३११ आणि २०२० मध्ये ४,२०,९५९. म्हणजे साठ वर्षांत काउंटी सतरापट झाली, आणि त्यातली बहुतेक वाढ शेवटच्या तीस वर्षांतली आहे.

या वाढीचे मूळ १९६२ मध्ये सुरू झालेल्या डलस विमानतळात आहे. विमानतळासाठी जमीन घेताना विलार्ड नावाची, प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती उठवण्यात आली. विमानतळाचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी जी मोठी वाहिनी वॉशिंग्टनच्या दिशेने टाकण्यात आली, तिच्यामुळे काउंटीच्या पूर्व भागात दाट वस्ती करणे प्रथमच शक्य झाले. शेतात घराघराला सेप्टिक टँक ठेवायचा, तर प्रत्येक घराला मोठा भूखंड लागतो. वाहिनी आली की एका एकरात अनेक घरे बसतात. म्हणून नकाशा पाहताना रस्त्यांइतकेच लक्ष पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या कोठपर्यंत गेल्या आहेत याकडे द्यावे. लाउडनमध्ये शहरी वस्ती कोठे थांबते, हे मुख्यतः या वाहिन्यांवरून ठरले आहे आणि काउंटीने ती सीमा जाणीवपूर्वक राखली आहे.

धोरणक्षेत्रांचा नकाशा

काउंटीने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या सर्वंकष आराखड्यात संपूर्ण भूभागाची विभागणी केलेली आहे, आणि माझ्या मते घर शोधणाऱ्याने सर्वांत आधी हाच नकाशा उघडावा. मेट्रो स्थानकांच्या आसपास नागरी क्षेत्र आहे, तेथे उंच आणि दाट बांधकाम अपेक्षित आहे. पूर्वेकडील स्टर्लिंग, अ‍ॅशबर्न, साउथ रायडिंग हा भाग उपनगरी क्षेत्रात येतो. पश्चिमेचे ग्रामीण क्षेत्र काउंटीच्या सुमारे दोन तृतीयांश भूभागावर पसरले आहे आणि तेथे मध्यवर्ती पाणीपुरवठा किंवा सांडपाणी व्यवस्था नेण्याचे धोरण नाही. उपनगरी आणि ग्रामीण क्षेत्रांच्या मध्ये उत्तर-दक्षिण असा एक संक्रमण पट्टा आहे. याशिवाय काही गावांच्या हद्दीलगतच्या जमिनीसाठी स्वतंत्र क्षेत्रे आखलेली आहेत.

सर्वांत जास्त सावधगिरी या मधल्या पट्ट्यात बाळगावी. येथील नवे घर विकताना मागच्या बाजूची झाडी आणि मोकळे माळ आवर्जून दाखवले जातात, परंतु ती जमीन कोणाची आहे आणि तिचे झोनिंग, म्हणजे ती कशासाठी वापरता येईल याचा नियम, काय आहे, हे विचारल्याशिवाय त्या दृश्याला काहीही किंमत देऊ नये. काउंटीची वेबलॉजिस नावाची नकाशाप्रणाली सर्वांसाठी खुली आहे. तिच्यावर पत्ता टाकला की भूखंडाच्या हद्दी, झोनिंग, पूरक्षेत्र, विमानतळाच्या आवाजाचे पट्टे आणि शाळांची हद्द असे वेगवेगळे थर पाहता येतात. आपल्या भूखंडापुरते पाहून थांबू नये. किमान अर्ध्या मैलाच्या परिघातला प्रत्येक मोकळा तुकडा तपासावा. त्यासाठी लागणारी एक संध्याकाळ कधीही वाया जात नाही.

पत्त्यातल्या गावाच्या नावावर विसंबू नका

लाउडनमध्ये कायद्याने स्थापन झालेली गावे फक्त सातच आहेत: लीजबर्ग, परसेलव्हिल, मिडलबर्ग, लव्हेट्सव्हिल, हॅमिल्टन, राउंड हिल आणि हिल्सबरो. या गावांना स्वतःचे महापौर आणि कौन्सिल आहे, स्वतःचे कर आहेत, आणि तरीही ती काउंटीचाच भाग आहेत. आपल्याकडे नगरपालिका जिल्ह्याच्या आत असते, तसेच हे नाते समजावे. अ‍ॅशबर्न, स्टर्लिंग, ब्रॅम्बलटन, साउथ रायडिंग ही नावे कितीही परिचित असली तरी त्यांना कायदेशीर गावाचा दर्जा नाही. तेथे थेट काउंटीचा कारभार चालतो.

गोंधळ वाढतो तो टपालाच्या पत्त्यामुळे. साउथ रायडिंगच्या घरांचा पत्ता शँटिली असा लिहिला जातो, आणि शँटिली हे नाव प्रत्यक्षात शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीतले आहे. स्टोन रिजमधील घराचा पत्ता ऑल्डी असतो, ब्रॅम्बलटनचा अ‍ॅशबर्न असतो, आणि लॅन्सडाउनच्या घरांवर लीजबर्ग लिहिलेले असले तरी ती लीजबर्ग गावाच्या हद्दीबाहेर आहेत. हा फरक कागदापुरता नाही. गावाच्या हद्दीत असलेल्या घराला काउंटीच्या मालमत्ता कराशिवाय गावाचा करही भरावा लागतो. लीजबर्गमध्ये गावाचे स्वतंत्र पोलीस आहेत, तर हद्दीबाहेर लोकांनी निवडून दिलेल्या शेरिफचे खाते काम करते. पाण्याचे बिलही वेगळ्या संस्थेकडून येते. शँटिली असा पत्ता पाहून फेअरफॅक्सच्या शाळा गृहीत धरणारे लोक आजही भेटतात. म्हणून घराच्या जाहिरातीतील गावाचे नाव बाजूला ठेवावे आणि काउंटीच्या मालमत्ता नोंदीत तो भूखंड कोठे दाखवला आहे, तेवढेच खरे मानावे.

रस्त्यांची एक गोष्ट नवीन माणसाला चकित करते. व्हर्जिनियात बहुतेक काउंट्यांमधील सार्वजनिक रस्ते राज्याच्या परिवहन विभागाच्या ताब्यात असतात. त्यामुळे खड्डा पडला किंवा बर्फ काढला नाही तर तक्रार काउंटीकडे नव्हे, राज्याकडे करावी लागते. टाउनहाउसच्या वसाहतींतील आतले रस्ते मात्र बहुधा खासगी असतात आणि त्यांची जबाबदारी वसाहतीच्या संघाकडे, म्हणजे एचओएकडे असते.

पूर्वेकडील वसाहती

स्टर्लिंग ही पूर्वेची सर्वांत जुनी उपनगरी वस्ती. येथील स्टर्लिंग पार्क १९६०च्या दशकात उभे राहिले. घरे लहान, आवार मोकळे, झाडे मोठी झालेली. काउंटीतील लॅटिन अमेरिकी कुटुंबांची मोठी वस्ती येथे आहे आणि डलस परिसरातील मुस्लिम समाजाचे अ‍ॅडम्स सेंटरही येथेच आहे. अनेक भारतीय कुटुंबे स्टर्लिंगकडे न पाहताच पुढे अ‍ॅशबर्नला जातात, आणि मला ते योग्य वाटत नाही. एचओएचे शुल्क आणि बंधने नकोत, घर साधे चालेल पण मागे बाग हवी, अशा कुटुंबाने ही वस्ती जरूर पाहावी. जवळच पोटोमॅकच्या काठाला कॅस्केड्स आणि कंट्रीसाइड या नियोजनपूर्वक वसवलेल्या वसाहती आहेत.

अ‍ॅशबर्नचे पूर्वीचे नाव फार्मवेल. रेल्वेमार्गावरचे ते एक छोटे खेडे होते. तो मार्ग १९६८ मध्ये बंद झाला आणि आता त्याच जागेवरून परसेलव्हिलपर्यंत जाणारी ४५ मैलांची डब्ल्यू अँड ओडी पायवाट आहे, जिच्यावर सायकल चालवणे हा या काउंटीतला मोठा आनंद आहे. १९९०च्या दशकात एओएल या इंटरनेट कंपनीचे मुख्यालय डलसजवळ आले, इंटरनेटच्या जोडणीची मोठी केंद्रे या परिसरात उभी राहिली, आणि त्या केबलजाळ्याच्या जवळ राहण्यासाठी एकामागून एक डेटा सेंटरे येत गेली. आज जगात डेटा सेंटरांची सर्वांत दाट गर्दी जेथे आहे, तेथे अ‍ॅशबर्नचे नाव आधी घेतले जाते. ब्रॉडलँड्स आणि ब्रॅम्बलटन या त्याच परिसरातल्या वसाहती. ब्रॅम्बलटनमध्ये स्वतःचे छोटे बाजारकेंद्र, चित्रपटगृह आणि ग्रंथालय आहे. दक्षिणेला रूट ५० च्या बाजूने १९९०च्या दशकापासून साउथ रायडिंग आणि नंतर स्टोन रिज वाढले. भारतीय कुटुंबांची संख्या या सर्व भागांत लक्षणीय आहे. २०२०च्या जनगणनेनुसार काउंटीत साधारण पाचातील एक रहिवासी आशियाई वंशाचा आहे, आणि क्रिकेटची मैदाने काउंटीच्या सार्वजनिक उद्यानांत तयार झाली आहेत ती त्यामुळेच.

डेटा सेंटरांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या विषयावर दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. त्यांतील संगणकसामग्रीवर काउंटीला मोठा कर मिळतो आणि त्यामुळे घरांवरच्या कराचा दर खाली ठेवता आला आहे, हे खरे आहे. दुसरीकडे शीतकरण यंत्रणेचा अखंड घुमणारा आवाज, आणीबाणीसाठी ठेवलेले डिझेल जनरेटर आणि उच्च दाबाच्या वीजवाहिन्या यांचा त्रास लगतच्या घरांना होतो, हेही तितकेच खरे आहे. अनेक क्षेत्रांत पूर्वी जमिनीचे झोनिंग अनुकूल असले की सार्वजनिक सुनावणीशिवाय डेटा सेंटर बांधता येत असे. मार्च २०२५ मध्ये काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे निवडून आलेल्या कारभारी मंडळाने, हा हक्क रद्द केला आणि नव्या प्रस्तावांना विशेष मंजुरी बंधनकारक केली, तथापि पूर्वी मंजूर झालेले प्रकल्प पुढे उभे राहणारच आहेत. म्हणून घराजवळच्या औद्योगिक झोनिंगच्या भूखंडावर कोणते अर्ज दाखल झाले आहेत, ते पाहावे. प्रस्तावित वीजवाहिनीचा मार्गही स्वतंत्रपणे तपासावा, कारण त्याचा निर्णय काउंटी घेत नाही, राज्याचा आयोग घेतो.

विमानांचा आवाज हीसुद्धा प्रत्यक्ष जाऊन ऐकण्याची गोष्ट आहे. वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीचा वापर बदलतो, त्यामुळे एका शांत दुपारी घर पाहून मत बनवू नये. सकाळी, रात्री आणि शनिवार-रविवारी असे निरनिराळ्या वेळी जावे, दार-खिडक्या उघडून काही वेळ थांबावे आणि नकाशावर आपले घर आवाजाच्या कोणत्या पट्ट्यात येते, तेही पडताळावे.

प्रवासाचे गणित

मेट्रोची सिल्व्हर लाइन १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लाउडनमध्ये पोहोचली. विमानतळ, लाउडन गेटवे आणि अ‍ॅशबर्न ही तिची काउंटीतील स्थानके. मेट्रोसाठी पैसे द्यावेत की नाही, यावर २०१२ मध्ये बोर्डात पाच विरुद्ध चार असे मतदान झाले होते, यावरून हा प्रश्न किती चुरशीचा होता ते कळते. नोकरी टायसन्स किंवा वॉशिंग्टनमध्ये असेल तर मेट्रोचा उपयोग आहे, पण घरापासून स्थानकापर्यंत कसे जाणार आणि गाडी कोठे लावणार, याचा हिशेब त्यात धरलाच पाहिजे. डलस ग्रीनवे हा लीजबर्ग ते विमानतळ असा खासगी टोलरस्ता वेगवान असला तरी महाग आहे. रोज वापरायचा झाल्यास वर्षाचा टोल मांडून तो घराच्या मासिक खर्चात मिळवावा.

नोकरी मेरीलँडमध्ये, विशेषतः रॉकव्हिल किंवा गेदर्सबर्गच्या औषधनिर्मिती आणि जैवतंत्रज्ञान कंपन्यांत असेल, तर नकाशा फसवतो. नदीपलीकडचे गाव डोळ्यांसमोर दिसते, परंतु पॉइंट ऑफ रॉक्सच्या पुलापासून राजधानीभोवतीच्या बेल्टवेपर्यंत पोटोमॅकवर एकही पूल नाही. लीजबर्गजवळची व्हाइट्स फेरी ही गाड्या वाहून नेणारी बोट डिसेंबर २०२० मध्ये बंद पडली, आणि तेव्हापासून या प्रवासाला मोठा वळसा पडतो. अशी नोकरी असलेल्या कुटुंबाने लाउडनचा विचार करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी हा प्रवास स्वतः करून पाहावा.

पश्चिमेकडे जाताना

रूट ७ किंवा रूट ९ ने लीजबर्गच्या पुढे गेले की ब्लू रिज डोंगररांगेच्या दिशेने काउंटीचे जुने रूप दिसू लागते. वॉटरफर्ड हे खेडे १७३०च्या दशकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवले आणि आज ते संपूर्ण खेडेच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. लव्हेट्सव्हिलच्या परिसरात पेनसिल्व्हेनियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी वस्ती केली. मिडलबर्ग घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तर हिल्सबरोची लोकसंख्या शंभराच्या आसपास आहे. परसेलव्हिल हे त्यांतले सर्वांत मोठे, सुमारे नऊ हजार वस्तीचे गाव, आणि पश्चिमेत राहूनही दुकाने, शाळा व गावाचा पाणीपुरवठा हवा असेल तर तेथून सुरुवात करणे सोयीचे ठरते. क्वेकरांनी गुलामगिरीला केलेला विरोध आणि कृष्णवर्णीय कुटुंबांनी पैसे जमवून घेतलेल्या जमिनीवर १९४१ मध्ये लीजबर्गला उभे राहिलेले डग्लस स्कूल, या दोन गोष्टी येथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्याव्यात. डग्लस हे काउंटीतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे पहिले हायस्कूल होते. आपली मुले ज्या शाळांत जाणार आहेत, त्या सर्वांसाठी खुल्या होण्यामागे अशा कुटुंबांचे कष्ट आहेत.

गावांबाहेरच्या घराची तपासणी मात्र पूर्वेकडच्या घरासारखी करून चालत नाही. पाणी विहिरीचे असते आणि सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, दर मिनिटाला किती पाणी मिळते ते मोजून घ्यावे, आणि सेप्टिक व्यवस्था किती शयनकक्षांसाठी मंजूर आहे ते काउंटीच्या आरोग्य विभागाच्या नोंदीत पाहावे. जाहिरातीत पाच शयनकक्ष आणि मंजुरी तीनची, असा प्रकार आढळल्यास तेथेच थांबावे. लीजबर्गच्या उत्तरेला लकेट्सच्या बाजूस जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे. त्यात पोकळ्या आणि खचखळगे असू शकतात, म्हणून काउंटीने त्या पट्ट्यासाठी वेगळे नियम केले आहेत. रस्ता डांबरी आहे की खडीचा, हिवाळ्यात तो कोण साफ करतो आणि इंटरनेट कोणते मिळते, हे शेजाऱ्यांना विचारावे. मोठा भूखंड शेतजमीन म्हणून करसवलतीत असेल आणि खरेदीनंतर त्याचा वापर बदलला, तर चालू वर्षासह मागील पाच वर्षांचा फरक भरावा लागू शकतो. ही जबाबदारी कोणावर येणार, ते करारातच लिहून घ्यावे.

शाळा, कर आणि एचओए

शाळा पत्त्यावरून ठरते, पण ती हद्द कायमची नसते. नवी शाळा उघडली की आसपासच्या सर्व शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या जातात, आणि वाढत्या भागात हे वरचेवर होते. त्यामुळे एकाच शाळेच्या नावासाठी जास्त किंमत मोजणे मला धोक्याचे वाटते. आजची हद्द शालेय विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहावी आणि जवळपास नवी शाळा नियोजित आहे का, तेही विचारावे. लीजबर्गजवळच्या अ‍ॅकॅडेमीज ऑफ लाउडनमध्ये आणि फेअरफॅक्समधील थॉमस जेफरसन हायस्कूलमध्ये, या निवडीने प्रवेश देणाऱ्या शाळांत, लाउडनच्या कोणत्याही भागातून अर्ज करता येतो, हे लक्षात ठेवल्यास पत्त्याचा ताण बराच हलका होतो.

मालमत्ता कर दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे आकारला जातो. दर आणि मूल्यांकन दोन्ही दर वर्षी बदलतात, म्हणून विक्रेत्याचे जुने बिल पाहून अंदाज बांधू नये. हप्ते ५ जून आणि ५ डिसेंबरला येतात. मोटारींवरही दर वर्षी वेगळा कर आहे, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला तो बहुधा अनपेक्षित असतो.

पूर्वेकडील बहुतेक घरे एचओएच्या अधिकारात येतात. खरेदीच्या वेळी एचओएची कागदपत्रे मिळतात आणि ती मिळाल्यापासून सामान्यतः तीन दिवसांच्या आत खरेदीदाराला करार रद्द करता येतो. या तीन दिवसांत राखीव निधी किती आहे, मोठी दुरुस्ती तोंडावर आहे का, पूर्वी जादा वर्गणी बसवली होती का, हे वाचावे. दाराबाहेरची सजावट, मागची डेक, भाड्याने देण्याची मुभा यांचे नियमही त्यातच असतात. काही वसाहतींत इंटरनेटचा खर्च शुल्कातच धरलेला असतो, त्यामुळे दोन वसाहतींच्या शुल्काची तुलना करताना त्यात काय काय येते ते पाहावे.

राहायला आल्यावर

वॉशिंग्टन परिसरात मराठी कला मंडळाचे कार्यक्रम होतात, आणि मराठी शाळांची चौकशी तेथे करता येते. काउंटीच्या शाळांना दिवाळीची सुटीही असते. परंतु आपल्या माणसांपुरते राहून काउंटी कळत नाही. काउंटीत आठ निवडणूक जिल्हे आहेत. प्रत्येकातून एक सुपरवायझर निवडला जातो, तर अध्यक्ष सर्व मतदारांमधून निवडला जातो. घर घेतल्यावर आपला जिल्हा कोणता ते पाहून त्या सुपरवायझरच्या कार्यालयाच्या ईमेल यादीत नाव नोंदवावे. जमिनीच्या वापरातील बदल आणि शाळांच्या हद्दी यांवर सार्वजनिक सुनावण्या होतात आणि तेथे बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असलेल्या रहिवाशालाही आपले म्हणणे मांडता येते. मतदान मात्र नागरिकांनाच करता येते. बोर्ड आणि शालेय मंडळ यांची मागील सर्वसाधारण निवडणूक २०२३ मध्ये झाली आणि पुढची नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. जे नागरिक झाले आहेत त्यांनी नव्या पत्त्यावर मतदार नोंदणी बदलून घ्यावी, कारण घर बदलले की मतदानकेंद्र आणि अनेकदा जिल्हाही बदलतो.